उसाच्या रसाला आलेला शेंबूड

ऊस म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं काय यायलंय ते मला बसल्या जागी सांगता येतंय. हिरवागार फड, सळसळणारी पाचट, काठीला गुंडाळलेला गरम गूळ, आणि जमलंच तर बांधावर कोण तरी कुणाची तरी वाट बघत उभं. व्हय का न्हाई? तर बसा बघत. ह्या लेखात बांधावर कुणीच येणार न्हाई. मी शेंबडाबद्दल सांगणाराय.

उठून जाऊ नका. चांगला शेंबूड आहे. उसाच्या रसाला आलेला.

काल भालकीहून परत येताना हुमनाबादच्या अलीकडं आमची बस उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली. पुढं ट्रॅक्टर, ट्रॅक्टरात मोठ्यानं गाणं, आणि त्या गड्याला आरशात बघायची सवय न्हाई. आमचा ड्रायव्हर हॉर्न मारून दमला. माणसं वैतागली. मी मात्र खिडकी उघडून नाक बाहेर काढून बसलो. तोडून उन्हात पडलेल्या उसाला एक वास येतो. गोडच असतो, पण त्या गोडाच्या पोटात जरासं आंबट असतं, ताकाच्या न धुतलेल्या भांड्यासारखं. तो वास आला की मला कळतं, हंगाम लागला. आणि मला तो एकच हंगाम आठवतो, माझ्या एमेस्सीच्या शेवटच्या वर्षाचा.

शेजारचे काका म्हणले, "खिडकी लाव की रे, धूळ यायलीय."

"धूळ न्हाई काका, बॅक्टेरिया यायलेत."

त्यांनी जागाच बदलली.

मला आवाज काढायचा नाद लहानपणापासनं. शाळेत हेडसरांचा खोकला मी असा काढायचो की वर्ग गपगार व्हायचा. आमच्या वडलांच्या, म्हणजे अप्पांच्या गुऱ्हाळावर तर माझी चैनच होती. डिझेल इंजिन चालू व्हायच्या आधी उचक्या देतं, मग एकदम हसत सुटतं, तो आवाज मला येतो. चरकात जाडा ऊस अडकला की तो कुरकुरतो, तो पण येतो. आणि मारुतीमामाचा तर सगळ्यात भारी. मामा म्हणजे आमचा गुळव्या. काहिलीतला, म्हणजे त्या थोरल्या कढईतला पाक कधी उतरवायचा ते तोच ठरवणार. पाकाकडं बघत उभा राहायचा, आणि मग एकदम, "आलाऽऽऽ! धरा!" की चौघं दांडे घेऊन पळायचे. मी चिपाडाच्या ढिगामागनं तसंच ओरडायचो. चौघं पळायचे. मग मामा चिपाड घेऊन माझ्यामागं पळायचा.

अप्पांचा आवाज तेवढा मला कधी जमला न्हाई. कारण अप्पा बोलतच न्हाईत. हंगामात सुद्धा सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायचे. शेजारी चुलवाण भडकलेलं, इंजिन ठणाणा करायलंय, आणि अप्पा हातातल्या देवाकडं बघत गप. त्या डाव्या हाताला ते दिवसभर जपायचे. मळी काढायची उजव्या हातानं, ढेप थापटायची उजव्या हातानं, आणि आमच्या पाठीत घालायचं ते पण उजव्याच. डावा तळहात म्हणजे अप्पांचं देवघर. आम्ही तसंच बघत मोठं झालो, त्यामुळं आम्हाला त्यात काही नवल दिसायचं न्हाई.

तर त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला इंजिनाचा काहीतरी भाग मोडला. भाग उदगीरहून यायचा होता. तोडलेला ऊस पडून राहिला, आणि पिंपात काढलेला रस पण. भाग आला तेव्हा मामानं पिंपाचं झाकण काढलं, प्लास्टिकचा मग आत बुडवला, वर उचलला. रस मगात आला आणि मगाबरोबर खालचा रस पण लांबत लांबत वर आला. तुटंचना. मामानं हात डोक्याच्या वर नेला तरी पिंपापासनं मगापर्यंत तार.

"अप्पा, रसाला शेंबूड आलाय," मामा बारीक आवाजात म्हणला.

गुऱ्हाळवाल्याला ह्याच्यापेक्षा मोठी लाज न्हाई. असल्या रसाचा गूळ बसत न्हाई, ढेप धरत न्हाई, आणि गावात कळलं की लोक म्हणतात, ह्यांच्याकडं स्वच्छता न्हाई. अप्पांनी इकडं तिकडं बघितलं. "ओतून टाका. पिंपाला चुना मारा. कुठं बोलू नका."

"थांबा अप्पा! टाकू नका. मला पाहिजे!"

"कामून?"

"अभ्यासाला."

अप्पा माझ्याकडं बघतच राहिले. मग मामाकडं बघून म्हणले, "गुलबर्ग्याला पोरगं ठेवलो शिकायला. शेंबूड गोळा करायलंय."

त्याचं असं झालं होतं. कॉलेजात मॅडमनी सगळ्यांना सांगितलं होतं, ज्यानं त्यानं आपल्या गावचा एखादा चिकट पदार्थ आणायचा आणि त्याची आतली बांधणी शोधायची. कुणी बाभळीचा डिंक आणला, कुणी जवसाचा चिकटा. मी काहीच आणलं नव्हतं. मॅडम मला सगळ्यांपुढं म्हणल्या होत्या, "तू गॅदरिंगला छान आहेस. प्रोजेक्टला कसा आहेस, ते काय अजून आम्ही बघितलो न्हाई." पोरं हसली. मी पण हसलो, पण ते वाक्य मला लागलं. इतकी वर्षं सगळ्यांचे आवाज काढून हसवलं, आणि माझा स्वतःचा म्हणून कुणी एक आवाज ऐकला नव्हता. म्हणलं, ह्या हंगामात काही का होईना, ह्या शेंबडाचं कूळ काढायचं, आणि मॅडमच्या तोंडून एकदा तरी "बरोबर आहे" म्हणून घ्यायचं. दुसरं काही नको.

अव्वाच्या, म्हणजे आईच्या, तुपाच्या स्टीलच्या डब्यात तो माल घेऊन मी बसमध्ये बसलो. डबा मांडीवर. हुमनाबादला एक म्हातारी शेजारी बसली.

"तूप हाय का बाळा?"

"न्हाई आज्जी. शेंबूड."

"शहाणाच हायस की," म्हणली, आणि कमलापूर येईपर्यंत माझ्याकडं बघितलीच न्हाई. डब्याकडं मात्र बघत होती. तिला अजून वाटत होतं तूपच आहे.

लॅबमधला तो पहिला दिवस मला लख्ख आठवतो. शेंबूड पाण्यात पातळ करून गाळला, आणि त्यात हळूहळू स्पिरिट सोडलं. आधी काही न्हाई. मग एकदम पांढऱ्या तारा. अव्वा पाटावर शेवया वळते तशा, पण इथं वळणारं कुणी न्हाई, आपोआप उतरायल्या. काचेच्या कांडीला गुंडाळून वर काढल्या तर मऊ पांढरा लोळा. पुन्हा पाण्यात विरघळवायचा, पुन्हा स्पिरिटात उतरवायचा, दर खेपेला जास्त पांढरा. ज्याची अप्पांना लाज वाटत होती, ते असलं देखणं निघालं. मी फोटो काढून घरी पाठवला. अव्वाचा निरोप आला, "डबा कधी आणणारायस?"

मग त्यातलं जरासं आम्लात उकळलं. आम्लात सगळ्या गाठी सुटतात, मोठी माळ मोडून मणी मोकळे होतात. ते मणी कागदावर चढवून बघितले, जितक्या जातीचे मणी तितके ठिपके पडतात, तर एकच ठिपका. ग्लुकोज. दुसरं काहीच न्हाई. मी नाचत मॅडमकडं. "मॅडम, संपलं! सगळं ग्लुकोजच आहे!"

मॅडम गुलबर्ग्याच्याच. घरी कन्नड, बाजारात दख्खनी, आणि आमच्यासारख्या भालकीवाल्यांशी मराठी, ती पण अशी की भाजी 'तो' आणि दूध 'ती'. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज बारीक, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी टेबलावर एक बोट टक्. पहिल्या आठवड्यातच मी तो आवाज उचलला होता. होस्टेलवर रोज एक प्रयोग व्हायचा.

"एनो, काय रे, संपलं म्हणतोस?" मॅडम म्हणल्या. "वीट कसली ते सांगितलास. घर कसा बांधलाय ते कोण सांगणार? ज्वारीचा दाणा बघ, ज्वारीचा कडबा बघ. दोन्हीत वीट हाच, ग्लुकोज. अल्फानं हात धरला तर भाकरी. बीटानं हात धरला तर कडबा. माणूस कडबा खातो का?" टक्. "म्हणून अल्फा का बीटा, ते पहिला बघायचा. मग कुठल्या हातानं कुणाला धरलाय ते बघायचा." टक्.

मला हे आजवर कुणी असं सांगितलंच नव्हतं. कडब्याच्या गंजीवर लोळत मोठा झालो, आणि ती सगळी उलट्या हातानं धरलेली भाकरी आहे हे मला ठाऊकच न्हाई! त्या दिवशी मेसला भाकरी खाताना मी मध्येच थांबलो. पोरं म्हणली, काय झालं. म्हणलं, काही न्हाई, अल्फा खायलोय.

आमची माळ अल्फाची निघाली. हैदराबादेला एका मशीनवर नमुना पाठवला होता, तिथनं आलेल्या आलेखात ते दिसलं. राहिलं ते हातांचं. ह्या साखरेला हात पाच असतात, पण त्यांचे नंबर सहापर्यंत; एकीच्या एक नंबरानं दुसरीचा सहा नंबर धरला की त्याला म्हणायचं एक-सहा जोड. एक मागच्याला, एक पुढच्याला, बाकीचे मोकळे. मधेच एखादीनं तिसरा हात बाजूला दिला की तिथं फांदी. मॅडम म्हणल्या, सगळ्या मोकळ्या हातांना हातमोजे घालायचे. मिथिल नावाचे हातमोजे. जे हात कुणाला तरी धरून आहेत त्यांना मोजा जाणारच न्हाई. मग माळ तोडायची. सगळे सुटे झाले की बघायचं, कुठला हात उघडा राहिला. उघडा हात म्हणजे त्यानं कुणाला तरी धरलं होतं.

 सुटल्यावर कळतं कोण कुणाला धरून होतं. मला आमचं घर आठवलं, दुसरं काय.

आणि हा शेंबूड करणारे ते रसातले बॅक्टेरिया तरी काय भारी! डोळ्याला दिसत न्हाईत. उसाची साखर म्हणजे दोघांची जोडी, ती फोडतात, एकाला सोडून देतात, दुसऱ्याला माळेत ओवतात. एकामागं एक, एकामागं एक, प्रत्येक मणी मागच्याची हुबेहूब नक्कल. आणि त्या माळेच्या लोळ्यातच घर करून राहतात. मला वाटलं, हे तर माझेच भाऊबंद. नक्कल करून पोट भरणारे.

मी हातमोजे घातले, तोडलं, हैदराबादेला पाठवलं. उत्तर आलं, उघडे हातच उघडे हात! फांद्याच फांद्या. मी तर खूष. नवीन काहीतरी सापडलंय म्हणून दोन वेळा केस विंचरून मॅडमकडं गेलो.

मॅडमनी कागद बघितला, चष्मा वर केला. "एवढ्या फांद्या? हा माळ हाय का बाभळ हाय? मग तो शेंबूड मगाला एवढा लांब लटकला कसा? बाभळ कधी लटकते का?"

"पण मॅडम, मशीन तर..."

"मशीन खोटा न्हाई. तूच काही तरी वेगळं खाऊ घातलास त्याला. कुठं चुकलास ते शोध. तू सगळ्यांचा आवाज काढतोस ना? ह्या साखरेचा आवाज काय म्हणतोय ते ऐक की जरा."

किती ऐकलं तरी मला काही ऐकू येईना. पांढरा लोळा चिमूटभर राहिलेला. अप्पांनी पिंपांना असा चुना मारला होता की गुऱ्हाळ दवाखान्यासारखं दिसत होतं, शेंबूड आता कुठनं यायचा? रंगाचा दिवस झाला की गुऱ्हाळ पण बंद. म्हणजे ती चिमूट वाया गेली तर एक वर्ष गेलं, आणि मी गॅदरिंगचा तो गॅदरिंगचाच. सुट्टीला गावाकडं आलो ते तोंड पाडून. अव्वा म्हणली, "डबा विसरलास तर विसरलास. एवढं काय रडायलास?"

रंगाच्या दिवशी आमच्या गुऱ्हाळावर शेवटची काहील उतरवून मग रंग खेळतात. गरम गुळाचा वास, त्यात रंगाच्या पाण्याचा ओला वास, भिजलेल्या चिपाडाचा वास. मामा आधीच हिरवा झालेला. अक्का फोन घेऊन शूटिंग करायली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्या गावची बातमी वाहिनी. तिनं विचारलं, "काय रे, ते तुझ्या शेंबडाचं काय झालं? समजल असं सांग की जरा."

झालं. माझ्या अंगात मॅडम आल्या. कुणाचा तरी चष्मा घेऊन नाकाच्या शेंड्यावर ठेवला. "एनो, सगळे हात धरा! तुम्ही सगळे साखर हाय!" माणसं हसत हसत ओळीनं उभी राहिली. मामा मधे, आमची एक काकू फांदी म्हणून मामाची कंबर धरून, आणि शेवटाला अप्पा. अप्पांना कसं उभं केलं ते अव्वालाच ठाऊक. "आता रंग ओता!" पोरींनी बादल्या रित्या केल्या. "आता तोडा!" सगळे सुटले. तळहात बघितले, जिथं जिथं धरलं होतं तिथं कोरे. मामाच्या कमरेवर काकूच्या बोटांचे कोरे ठसे. "बगा!" मी बारीक आवाजात, हवेत बोट आपटत, टक्. "कोरा तिथं जोड! एक-सहा, एक-सहा जोड!" टक्. "आणि कंबर कोरी, म्हणजे फांदी!"

मग शेवटाला अप्पा. त्यांचा उजवा हात शेजारच्यानं धरला होता. डावा मोकळा, तरी तळहात कोरा करकरीत. मी म्हणलं, "आं! इथं पण कोण तरी होता! अप्पाला पण फांदी!"

"कोण होती ती सांगू का?" अव्वा ओरडली, आणि सगळं गुऱ्हाळ हसून खाली बसलं. अप्पा पण हसले. खरंच हसले. मी ते बघतच राहिलो.

पुढं त्या शेंबडाचं काय निघालं ते आत्ताच सांगून टाकतो, शेवटाला मला सवड मिळणार न्हाई. सरळ माळ निघाली. लांबच लांब, एका सरीत चालणारी, मधे कुठं तरी एखादी फांदी. मगाला लटकणारच की. शहाण्या माणसांना ते आधीच ठाऊक होतं, पुस्तकात आहे म्हणे. पण आमच्या पिंपातला शेंबूड पण त्याच कुळातला, हे ह्या हातानं काढलं. अप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणले, "म्हणजे चांगल्या घरचा होता."

आता राहिलं ते ओरडा खाण्याचं. अक्कानं तो व्हिडिओ स्टेटसला टाकला. आमच्याकडं स्टेटस म्हणजे वावटळ. भालकीहून बिदर, बिदरहून गुलबर्गा, आणि सुट्टी संपवून मी कॉलेजात पाय टाकतोय तोवर तो मॅडमच्या फोनात. शिपाई म्हणला, "जा बाबा, अंदर बुलारे. चेहरा देख के जा."

मॅडमनी दार लावायला सांगितलं. फोन टेबलावर उभा केला आणि व्हिडिओ लावला. त्यांचा आवाज माझ्या तोंडून, त्यांच्याच टेबलावर. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायलो.

"माझा आवाज एवढा बारीक हाय?"

"न्हाई मॅडम."

"मी भाजीला 'तो' म्हणते?"

"कधी कधी, मॅडम."

"साकु, पुरे. गप बस. हे बघ." त्यांनी व्हिडिओ थांबवला. पडद्यावर अप्पांचा कोरा डावा तळहात. "हे कोण?"

"आमचे अप्पा."

"ह्यांचा हा हात कुणी धरला होता?"

"कुणीच न्हाई मॅडम. ती गंमत केली मी."

"कुणी धरला न्हाई, तर कोरा कामून?"

"ते... त्यांच्या लिंगपूजेचा हात आहे. त्याला ते रंग लागू देत न्हाईत. टॉवेलात झाकला होता."

मॅडमनी चष्मा पुसला आणि पडद्यावरचा तो हात पुन्हा बघितला.

"माझे वडील पण असाच झाकायचे," त्या हळू म्हणल्या. आणि मग जो आवाज चढला तो खालच्या पोर्चपर्यंत गेला असल. "कोरा म्हणजे जोड, असा माझ्या आवाजात सगळ्या गावाला शिकवलास! कोरा म्हणजे एक तर जोड, न्हाई तर तिथं रंगच पोचला न्हाई! तुझ्या साखरेचा पण हात असाच झाकून राहिला, गाढवा! नीट वाळवलास का तू? पाणी राहिला त्यात. पाणीच सगळा मिथिल पिऊन बसला, साखरेच्या हाताला काय मिळणार? म्हणून तुला बाभळ दिसला! उत्तर तुझ्या बापाच्या हातात उघडा पडला होता, आणि तू काय करत होतास? माझा नक्कल!"

"मॅडम, म्हणजे पुन्हा..."

"वाळव. कोरडा खडखडीत वाळव. मग हातमोजे दोनदा घाल, एकदा घालून भागत न्हाई. चिमूट राहिलाय ना? पुरतो. जा."

मी दारापर्यंत गेलो. वाटलं, सुटलो. तेवढ्यात मागनं टेबलावर टक्.

"थांब. 'एक-सहा जोड' म्हणलास. बोट आपटलास, बरोबर आपटलास. पण त्याच्या आधी अल्फा कुठं गेला? मी कधी अल्फा सोडते का? गिळलास तू त्याला! आता लोक काय म्हणतील, मॅडमला अल्फा ठाऊक न्हाई? माझ्या तोंडानं सगळ्या भालकीला कडबा चारलास की रे!"